चापाचा स्क्रू

रायफल कंपनीच्या दुरुस्ती खात्यात नोरीन पेल्कीने तपासायला आलेल्या रिकाम्या रायफलची सेफ्टीची कळ अंगठ्याने पुढे ढकलली. चापाला हात लावला नाही. तरीही आत टक् झालं.

तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा टक्. गोळी असती तर सुटली असती.

तिने दस्ता उतरवला. चाप किती जड लागावा हे ठरवणारा एक बारीक स्क्रू आत असतो. कुणी तो फिरवू नये म्हणून कारखान्यातच त्यावर लाल लाखेचा ठिपका देतात. इथे तो ठिपका फुटलेला होता आणि त्यावर गुलाबी नेलपॉलिश फासलेलं होतं. स्क्रू पार सैल, म्हणून नुसत्या सेफ्टीच्या धक्क्यानेही चाप सुटत होता. असले उद्योग करणारे नोरीनला नवे नव्हते. न्यू हॅम्पशायरपासून मोंटानापर्यंत घरटी एक तरी अर्धवट मिस्त्री असतोच.

"सुटलो आपण," सुपरवायझर ड्वेन तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "ग्राहकाने छेडछाड केली, असं दोन ओळींत कळवून टाक. फोन नको करूस. तो हाउगन म्हणजे डोकं खाणारा म्हातारा आहे."

"दुरुस्ती करेल त्यानेच फोन करायचा, हा नियम तुम्हीच भिंतीवर लावलाय."

"अगं, त्याच्या पोराचा पाय गेलाय."

"म्हणूनच."

हाउगनने रायफल पाठवली होती ती दुरुस्तीसाठी नव्हेच. शिकारीला गेले असताना थोरला मुलगा कर्टिस सेफ्टी काढत होता, तेवढ्यात गोळी सुटली आणि धाकट्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. आपण चापाला बोटही लावलं नाही, असं कर्टिसचं म्हणणं. बाप त्याला खोटारडा म्हणत होता. रायफलमध्ये काही दोष नाही, एवढं त्याला कंपनीच्या तोंडून हवं होतं. आज दुपारी कर्टिस घर सोडून तेलाच्या विहिरींवर कामाला निघालाय, त्याआधी सांगा, असं त्याने सकाळीच बजावलं होतं.

नोरीनने नवा चाप बसवला, दहादा तपासला आणि नंबर फिरवला.

"बोला. ठीक आहे ना रायफल?"

"आता आहे, मिस्टर हाउगन. आली तेव्हा नव्हती. चापाला न शिवता सुटत होती. तुमचा मुलगा खरं बोलत होता."

"म्हणजे माल तुमचाच भिकार."

आता बोललेला शब्द मागे घेता येणार नव्हता.

"नाही. कुणीतरी आतला स्क्रू फिरवलाय. वरून गुलाबी नेलपॉलिश लावलंय."

पलीकडे कुणीतरी भांडी विसळत होतं.

"ते बायकोचं," म्हातारा शेवटी म्हणाला. "चाप हलका असला की नेम हलत नाही. जन्मभर करत आलोय मी हे. वाढदिवसाला कर्टिसला ही दिली, तेव्हा मीच..."

इतका वेळ नोरीनला या माणसाचा राग होता. आता त्याची कीव आली, आणि राग काही गेला नाही.

"नवा चाप घातलाय," ती म्हणाली. "त्याचे पैसे नाहीत. पाठवायचा खर्चही आमचाच."

"मॅडम, एक काम कराल? तो इथेच आहे, जेवतोय. फोन त्याच्याकडे देतो. तुम्हीच सांगा त्याला."

शेजारून ऐकणाऱ्या ड्वेनने हाताने खूण केली, सांगून टाक आणि मोकळी हो.

"नाही," नोरीन म्हणाली. "बाकी सगळं कंपनी फुकट करून देते. एवढं मात्र तुमचं तुम्हालाच करावं लागेल. मी फोनवर थांबते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली.

"कर्टिस," लांबून घोगरा आवाज आला. "त्या रायफलचा स्क्रू... तो मी फिरवला होता."

काटा बशीत ठेवल्याचं ऐकू आलं.

"माहितेय, बाबा," पोरगा म्हणाला. "स्क्रू फिरवताना टॉर्च मीच धरला होता ना."