तेलाचं बोट

मित्रांनो, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका अंगणात, शेवग्याखाली उभी असलेली मी एक जुनी पिकअप गाडी आहे. १९७२ साली मी खंडेरावांच्या घरी आले. सटाण्याचा कांदा वाहिला, कळवणची वऱ्हाडं वाहिली. लोक म्हणत, ही गाडी नव्हे, बैलजोडी आहे. पण आजची गोष्ट माझ्या पराक्रमाची नाही, भीतीची आहे.

१९८१ची खंडेनवमी होती. सकाळीच कळवणहून निरोप आला. तिथे सासरी असलेल्या खंडेरावांच्या लेकीचे, सिंधूचे, दिवस भरत आले होते, आणि डॉक्टरांनी तिला उद्याच्या उद्या, आडवी झोपवून, नाशिकला हलवायला सांगितलं होतं. माझा क्लच मात्र चढावर घसरत होता. इंजिन ओरडे, चाकं ढिम्म. क्लचची नवी प्लेट घरात होती, पण सणामुळे गॅरेजं बंद.

शेजारचे मंगळू एस.टी.च्या डेपोत कामाला. ते म्हणाले, अंगणातच बदलू. पण पाने, हातोडी, नवी प्लेट, सगळं पूजेत मांडलेलं. त्या दिवशी अवजारांना हात लावत नाहीत. खंडेराव घुटमळले. तेव्हा त्यांच्या पत्नी सुलाबाई म्हणाल्या, "उचला. देवाला सांगितलंय मी, लेकीचं काम हाय."

दुपारी माझा गिअरबॉक्स खाली उतरला. मंगळूंनी प्लेटवरचं कुंकू फडक्यानं पुसलं. म्हणाले, "वहिनी, हिला साडी नेसवायची तेवढी राहिली." प्लेट आत बसली आणि माझ्या काळजात धस्स झालं. ती बुळबुळीत होती.

मित्रांनो, ही प्लेट कोरडी असेल तरच इंजिनाचा जोर घट्ट धरून चाकांना देते. कुंकू दिसतं, तेल दिसत नाही. मला कळत होतं, पण सांगू कशी? माझा हॉर्नसुद्धा कुणी दाबला तरच वाजतो. एकेक बोल्ट आवळला जात होता आणि मला चढावर अडकलेली सिंधू दिसत होती.

इतक्यात सुलाबाई चहा घेऊन आल्या. "कुंकू पुसलंत, मग तेलाचं बोट परत लावू का?"

मंगळूंचा पाना थांबला. "कसलं तेल?"

"सगळ्याच लोखंडाला लावते. गंज चढू नये म्हणून."

 मंगळूंनी चहा बाजूला ठेवायला सांगितला आणि पाना उलटा फिरवला.

बोल्ट पुन्हा सुटले. प्लेट दोनदा पेट्रोलनं धुतली, पॉलिश पेपरनं घासली, उन्हात वाळवली. "धरेल का?" खंडेरावांनी विचारलं. मंगळू म्हणाले, "ते चढच सांगंल."

दसऱ्याला कळवणहून परतताना सिंधू मागे गादीवर होती, उशाशी सुलाबाई. चढ लागला. खंडेरावांनी गिअर टाकला, इंजिन गुरगुरलं. एक क्षण मी श्वास रोखला. मग चाकांनी रस्ता धरला. तिसऱ्या दिवशी सिंधूला मुलगी झाली.

आता मी फारशी चालत नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी जरूर घ्या, पण आम्हाला काय हवं ते आधी जाणून घ्या. दर खंडेनवमीला सुलाबाई तेलाची वाटी घेऊन येतात. माझ्या दाराच्या बिजागरीशी थांबतात आणि कुंपणापलीकडे हाक मारतात, "मंगळूभाऊ, इथं चालतं ना?"

पलीकडून 'हो' आलं, की मगच बोट तेलात बुडतं.