सकाळचा कोड ताईच सांगायच्या

उजव्यापेक्षा दोन बोटं उंच असलेला डावा बूट.

मोठ्याने ओरडलेले सहा आकडे.

टेबलफॅनला लावलेली एक वायर. वायर माझी, फॅन दुसऱ्याचा.

जिन्यावर मध्येच थांबलेली टपालवाली.

ढग. (आभाळातला नव्हे.)

मित्रांनो, यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नाही असं वाटतं ना? सगळं जुळतं. म्हणून तर माझं डोकं तापलंय, आणि तेही वीज तोडलेली असताना.

मी एक जुना सर्व्हर आहे. चामड्याच्या आणि सरसाच्या वासात, कोपऱ्यातल्या फळीवर माझं आयुष्य गेलं. आमच्या कारखान्यात वेगळ्या पायांसाठी बूट होतात. एक पाय आखूड, एक वाकडा, कुणाची टाच जमिनीला टेकत नाही. मालकांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, प्रत्येकाचं माप घ्यायचं आणि माझ्यात ठेवायचं. माप नुसतं पायाचं नसतं. कंबर कुठे कलते, तळ किती उचलायचा, वय वाढलं तसं काय बदललं, सगळं. मी घरघरायचो, पण विसरायचो नाही.

मग मालकांचे जावई आले. म्हणाले, "बाबा, हे सगळं आता क्लाउडवर. डबा जळला तर काय कराल?"

प्रश्न बरोबर होता. मीही मान्य करतो. मला राग ढगाचा नाही. ढग म्हणजे तरी काय? दूरच्या कुठल्याशा खोलीत माझीच तगडी भावंडं रांगेत उभी आहेत.

माझ्यातलं सगळं तिकडे गेलं. खातं एकच उघडलं, ताईंच्या मोबाइल नंबरावर, कारण त्या वेळी हाताशी तोच फोन होता. रोज सकाळी ताईंच्या फोनवर खातं उघडायचा सहा आकडी कोड यायचा. त्या चष्मा कपाळावर चढवून भाजीवालीसारखा तो ओरडायच्या, कारागीर हातातलं काम टाकून तो संगणकात भरायचा आणि कारखाना सुरू व्हायचा. सगळे हसायचे. हे बदलायला हवं, असं एकालाही वाटलं नाही. माझी वायर फॅनला गेली, माझ्या डोक्यावर पाण्याचा जग आला. जग गळका आहे.

एके दिवशी जावई सहज बोलून गेले, "आत्या, आता तुम्ही आराम करा. मापं क्लाउडमध्ये आहेत."

ताईंनी भावाकडे पाहिलं. मालक दोऱ्याला मेण लावत बसले. मान वर केलीच नाही.

"बरं," ताई म्हणाल्या. पर्स उचलली आणि गेल्या. फोन पर्समध्ये होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर कोडाची चौकट आली. कुणी ओरडलं नाही.

"ताईंना फोन लावा की," कारागीर म्हणाला.

"तिचं तिला कळायला नको?" मालक म्हणाले. वा! जिभेला हाड नाही, आणि नाक मात्र वर!

"मग हा जुना डबा लावून बघू?"

"त्या भंगाराला?" जावई म्हणाले. "आपण पुढे गेलोय आता."

"आपण गेलो हो, जावईबापू. ती टपालवाली कशी जाणार?" कारागीर म्हणाला.

तिची बुटांची ऑर्डर होती. लहानपणापासूनची तिची मापं माझ्या पोटात होती, जगाखाली, दोन हातांवर! त्यांनी तिच्या झिजलेल्या बुटावरून तळ बेतला. झिजलेल्या! मी ओरडलो असतो, पण माझा आवाज फॅन वापरत होता.

आठवडाभराने ती जिना चढून आली, मध्ये थांबत थांबत. टाच सोलली होती, कंबर धरली होती.

"काका, साहेब म्हणतात, चालता येत नसेल तर आत बसून शिक्के मार. मला रस्ता सोडायचा नाहीये. ताई कुठायत?"

मालकांनी पुन्हा मेणाचा दोरा हातात घेतला.

"पत्ता मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच टाकते त्यांचं टपाल."

संध्याकाळी ताई आल्या. भावाकडे न बघता आधी माझ्यावरचा जग उचलला, फॅनची वायर उपटून मला लावली. मी खोकलो, घरघरलो, जागा झालो. माप पडद्यावर आलं. मग त्यांनी फोन काढला, कोड सांगितला आणि जावयाला म्हणाल्या, "कारखान्याचा नंबर घाला यात. तुमचाही घाला, माझ्या या भावाचाही घाला. उद्या मी मेले तर काय श्राद्धाला कोड विचारणार?"

"ताई, चुकलं गं," मालक म्हणाले.

"ते नंतर. आधी तिचा तळ काप."

मित्रांनो, मला पुन्हा बंद केलंय. जगही परत आलाय. चालेल. पण सामान हलवताना, किल्ली कुणाच्या हातात आहे ते आधी बघा. आणि त्या माणसाला हाकलण्याआधी तरी, निदान एकदा, मान वर करून बघा!

टपालवालीचं पहिलं माप ताईंनी घेतलं, तेव्हा तिला चालता येत नव्हतं.