दुहेरी ठशाचा रुपया

“हा बघा भाऊ. ह्याच्यात पण दोन-दोन रेघा दिसतात.”

नंदा परबनं रुपया माझ्या तळहातावर ठेवला आणि पदराला हात पुसत दारातच उभी राहिली. मी भिंग लावलं, नाणं खिडकीच्या उजेडात फिरवलं आणि उगाचच जरा वेळ घेतला.

“हललेलं आहे,” मी म्हटलं. “आकड्याच्या कडेला पायरी दिसते बघ, चपटी. ठोकताना मशीन थरथरलं. बाद.”

“बाद तर बाद. ह्या आठवड्यातलं नववं,” असं म्हणून ती हसली आणि रुपया घेऊन समोरच्या तिच्या खोलीत गेली.

लग्नात आहेराला आपण जे लिफाफे घेतो ना, वर रुपया चिकटवलेले, ते कुणीतरी हातानं चिकटवलेले असतात. भटवाडीतल्या आमच्या इमारतीत ते काम नंदाचं. घाटकोपर स्टेशनजवळचा धवलभाई कोऱ्या रुपयांची पिशवी आणि लिफाफ्यांचे गठ्ठे टेम्पोनं पाठवतो, गुरुवारी तयार माल घेऊन जातो. त्याची अट एकच. ‘एक’ वर दिसला पाहिजे, सिंहाची बाजू गोंदात. नंदाचा नवरा आधी गिरणीत होता, गिरणी गेल्यावर साकीनाक्याला वॉचमन, आणि आता भिंतीवरच्या फोटोत. मुलगा सुयोग कामावरून येतो, जेवतो, मोबाईल बघत झोपतो.

माझं म्हणाल, तर मी थापाड्या माणूस. गोराईची बोट मधेच बंद पडली तेव्हा मी छत्री उघडून शिडासारखी धरली आणि सगळ्यांना पलीकडे पोचवलं, हे भटवाडीतल्या पोरांना पाठ आहे. पण तीस वर्षं मी बिल्ले ठोकायच्या प्रेसवर काढली, ही थाप नाही. ठसा म्हणजे काय ते मला कळतं. चाळीस वर्षं मी दुहेरी ठशाचं नाणं शोधत होतो, टाकसाळीत ठसाच चुकून दोनदा कोरला गेलेलं. सापडलं कधीच नाही. म्हणून पंचवीस वर्षं सांगत होतो, की एक आहे माझ्याकडे, लॉकरमध्ये. लॉकरही नव्हता. मुलुंडला आमची नाणीवाल्यांची बैठक भरते महिन्यातून एकदा, तिथले लोक अजून विचारतात, “भाऊ, लॉकर कधी उघडताय?”

नंदाला हा नाद मीच लावला, टाइमपास म्हणून. हजारो कोरी नाणी जिच्या हातातून जातात तिनं नुसती चिकटवायची, हे मला बघवेना. पहिल्या दिवशी तिला काही केल्या फरक समजेना. हललेलं नाणं आणि दुहेरी ठशाचं नाणं, दोन्हींत दोन-दोन रेघा दिसतात. मी पोलाद, दाब, मूळ ठसा असलं काय काय बोलत बसलो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे मोदकाचा साचा, भाऊ. काढताना माझा हात हलला तर तो एकच मोदक चेपतो. पण साच्यातच पाकळी दोनदा कोरली असेल तर सगळे मोदक तसेच निघणार.”

एवढं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

“बरोबर. आणि साच्यातल्या पाकळीला फुगीरपणा असतो,” मी म्हटलं. “चेपलेली सपाट असते. खऱ्या नाण्यात अक्षर जाड होतं आणि टोकाला खाच पडते. ती खाच बघायची.”

तेव्हापासून ती प्रत्येक रुपया दोन्ही बाजूंनी बघायला लागली. सिंहाची बाजू वर, एक नजर, मग उलटून गोंदावर. सुयोग कुरकुरायचा. “आई, चिकटव ना यार पटापट. तुला काय कळतं त्यातलं?”

हे वाक्य तिच्या सवयीचं होतं. सातवीतून शाळा सोडवली तेव्हा वडील हेच म्हणाले होते. नवऱ्याच्या पायाला सूज दिसली तेव्हा तिनं सांगितलं, की ही साधी नाही, डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला, तुला काय कळतं. दोन महिने गेले. मग डॉक्टरनं तेच सांगितलं, पण उशिरा.

“मी बरोबर होते, असं कुणी म्हणालं नाही ओ नंतर,” ती एकदा गोंद ढवळता ढवळता म्हणाली. “म्हणणार तरी कोण? ज्यांनी म्हणायचं तेच गेले.” आणि मग, “एक खरं सापडू दे भाऊ. मुलुंडला तुमच्या त्या मंडळींसमोर मी स्वतः ठेवणार. मी शोधलं म्हणून सांगणार. विकायचं नाय काय.”

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी ती आली ती रुपया पदराच्या टोकात गुंडाळून.

“सिंहाच्या बाजूचा, ‘भारत’मधला त बघा.”

मी भिंग लावलं. त जाड होता. दांडी खालच्या टोकाला दुभंगलेली, मधे स्वच्छ खाच, दोन्ही बाजूंना सारखा फुगीरपणा. र वर तेच, जरा कमी. पायरीचा मागमूस नाही. चाळीस वर्षं मी जे बघायला जगलो ते माझ्या हातात होतं, आणि ते सातवीतून शाळा सुटलेल्या बाईनं सहा महिन्यांत शोधलं होतं.

माझ्या मनात काय आलं ते आता लिहितो, कारण ते सांगताना थाप मारायची सोय उरलेली नाही. मला वाटलं, हे माझं असायला हवं होतं. बैठकीतल्या लोकांसमोर लॉकर उघडल्यासारखं करून मी हे ठेवलं असतं.

“हललेलं,” मी म्हणालो.

ती माझ्या तळहातावर वाकली. मग हळूच म्हणाली, “पायरी नाही पण. खाच आहे, भाऊ. मी चार वेळा बघितली.”

“तुला काय कळतं?”

हे माझ्या तोंडून गेलं. कसं गेलं, कुणास ठाऊक. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली, पोरीनं बाईंकडून पाटी परत घ्यावी तसा रुपया उचलला आणि म्हणाली, “बरं.”

मी हिशेब केला होता, की संध्याकाळी जाऊन काहीतरी निमित्त काढीन, रुपयाला रुपया देईन आणि ते घेऊन येईन. दुपारी जेवून आडवा झालो. उठलो तेव्हा खाली धवलभाईचा टेम्पो वळत होता.

“नंदा, तो सकाळचा रुपया?”

“चिकटवला. बादच होता ना?”

सिंहाची बाजू गोंदात. म्हणजे वरून बघून आता कुणालाही कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी धवलभाईच्या दुकानात गेलो. “काका, माल तर सकाळीच फुटला,” तो म्हणाला. “थोडा मानखुर्द, थोडा वाशी, थोडा इधर. तुम्हाला कोणता पाहिजे, गुलाबी की गणपतीवाला?” त्याच्याकडे उरले होते तेवढे साठ लिफाफे मी घेतले आणि घरी येऊन बादलीत भिजत घातले. एकेक रुपया सोलून काढला. ओल्या लाल-पिवळ्या कागदाचा लगदा खोलीभर झाला. दुहेरी त एकाही रुपयावर नव्हता.

नंदा चहा घेऊन आली आणि दारात थबकली. “अगो बाय. एवढे लिफाफे? कुणाचं लग्न काढलंत?”

तेव्हा मी सांगितलं. “नंदा, ते खरं होतं.”

“कोणतं?”

“‘त’वालं. तू बरोबर होतीस. मी खोटं बोललो. मला हेवा वाटला तुझा.”

तिनं कप खाली ठेवला. भिजलेल्या कागदांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसली. मायेनं हसली, तेच वाईट.

“भाऊ, छत्रीनं बोट चालवणारे तुम्ही. मला बरं वाटावं म्हणून बोलताय, ते समजतं मला.”

“आईची शपथ घेतो.”

“शपथा नका घेऊ ओ ह्या वयात. चूक झाली माझी, त्यात काय? मला वाटलं, दिसलं. नसेल दिसलं.”

“अगं, त्या ठशाची हजारो नाणी असणार. तुझ्याच मोदकासारखं. नव्या पिशवीत त्याचे भाऊबंद असतील. उलटून बघ, सापडेल. मग तुलाच पटेल.”

“चहा घ्या. निवतोय.”

मुलुंडच्या बैठकीत मी उभा राहून सगळं सांगितलं. माझ्याकडे लॉकर नाही, आणि भटवाडीतल्या एका बाईनं खरं नाणं शोधलं होतं, ते मी घालवलं. लोक पोट धरून हसले. एक जण म्हणाला, “भाऊ, ही तुमची आजवरची सगळ्यात झकास थाप.”

नंदा आता पिशवीतून रुपया घेते आणि थेट गोंदावर ठेवते. उलटत नाही. चष्मासुद्धा लावत नाही. हात भराभर चालतो, सुयोग खूश आहे.

म्हणून दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसतो. पिशवी माझ्याकडे ओढून घेतो, एकेक रुपया उलटून भिंगातून बघतो आणि तिच्या हातात देतो. ती घेते आणि चिकटवते. म्हाताऱ्याला करमत नसेल, असं तिला वाटत असावं. दुहेरी त अजून आलेला नाही.

काल मी एक साधाच रुपया धरून बसलो. त्यात काही नव्हतं, ते मला माहीत होतं. पण तिनं बघावं म्हणून म्हटलं, “नंदा, हा त बघ गं जरा. खाच आहे का? माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही.”

तिनं मान वर केली नाही. लिफाफ्यावर गोंदाचा ठिपका लावला आणि माझ्यापुढे तळहात पसरला.

“तुम्ही म्हणाल ते, भाऊ.”

मी रुपया मुठीत धरून बसलो. तिचा हात तसाच पसरलेला होता, आणि लिफाफ्यावरचा गोंद कडेनं सुकायला लागला होता.