घोड्यापुढे अबोला

कालव्याकाठच्या अरुंद वाटेवर समोरून घोडा येताना दिसला, तशी सून बाळाची गाडी घेऊन झुडपामागे दडली. घोडा बिचकू नये एवढाच तिचा हेतू. झालं उलटंच. झुडपामागे काय आहे ते न कळल्याने घोड्याने कान टवकारले आणि तो जागच्या जागी नाचू लागला. खूर गाडीच्या अगदी जवळ आपटू लागले.

"बोला कुणीतरी!" लगाम सावरत स्वार मुलगी ओरडली. "माणसं आहेत हे कळू दे त्याला!"

सुनेची दातखीळ बसलेली. मागून येणाऱ्या सासूबाईंनी तर सकाळीच बाळाच्या टोपीवरून तिच्याशी अबोला धरला होता, आणि त्यांचा अबोला म्हणजे आठवड्याची निश्चिंती. पण खूर नातवाच्या गाडीजवळ आपटताना पाहून त्यांनी तोंड उघडलं.

"अगं ए शहाणे, सावकाश बाहेर ये! तोंड दिसू दे त्याला. टोपी घाल म्हटलं तर ऐकायचं नाही, लपायला मात्र पुढे!"

घोड्याचे कान आवाजाकडे वळले. सून हळूच बाहेर आली. घोडा फुरफुरला, निवला आणि शेजारून निघून गेला.

"आई, अबोला सुटला का?" सुनेने विचारलं.

"मी घोड्याशी बोलत होते," म्हणत सासूबाईंनी गाडीची मूठ स्वतःच्या हातात घेतली.