एका गुडघ्याचे दोन नवस

आमच्या घरात डोळ्यांनी बर्फाचा डोंगर पाहिलेली एकटी समृद्धी, माझी धाकटी बहीण. मी भूम डेपोत कंडक्टर. माझी धाव बार्शी, शेजारची वाशी, फार तर सोलापूर. आमच्या आबांची, म्हणजे बिराप्पांची, धाव मेंढरं चरायला जातील तिथपर्यंत. आई बानूबाईनं बर्फ पाहिला तो लग्नातल्या सरबताच्या पिंपात. अशा घरातली पोरगी सीमेवरच्या दलात भरती झाली, उत्तराखंडात औलीला गेली आणि तिथं कुणीतरी तिच्या पायांना दोन लांब फळ्या बांधून तिला डोंगरावरून खाली सोडलं. त्याला स्कीइंग म्हणतात. ती त्यात इतकी पटाईत निघाली की दलाच्या संघातच गेली. गावात कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर आबा छाती फुगवून सांगायचे, "लई जोरात घसरती." विचारणारा पुढं काही बोलायचा नाही.

गेल्या फेब्रुवारीत ती पडली. पडल्यावर फळी पायातून आपोआप सुटायला हवी, ती सुटली नाही. पाय एकीकडं गेला, फळी दुसरीकडं, आणि मध्ये गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. पुण्यात ऑपरेशन झालं. मी रजा टाकून बायकोसह तिच्याजवळ राहिलो आणि घरी आबा आणि आई दोघंच उरले.

त्या दोघांच्या हातात एकच मोबाइल होता. समृद्धीच्या संघातल्या मैत्रिणीनं त्यावर दोन व्हिडिओ पाठवले होते. एकात ती शर्यत जिंकते, दुसऱ्यात पडते. आबा रोज पहिला बघायचे, बाजाराच्या दिवशी भूमला नेऊन ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना दाखवायचे. आईनं दुसरा पाहिला आणि त्यानंतर तिनं मोबाइलला हात लावला नाही. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला, पण तेव्हा ते आम्हाला कळलं नाही.

समृद्धी घरी आली ती काठी टेकत. मग अंगणात तिचा व्यायाम सुरू झाला. खुर्चीवरून उठ, परत बस, एका पायावर उभी राहा, रबरी पट्टा घोट्याला अडकवून ओढ. शेजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या आणि पोरीला कुणी करणी केली का, असं हळूच आईला विचारून जायच्या. पावसाळा सरला तशी ती माळ चढायला लागली. दिवाळीनंतर तिथूनच पळत खाली यायला लागली. डिसेंबरात बार्शीच्या फिजिओथेरपिस्टनं गुडघा दाबून, वाकवून, वळवून पाहिला आणि हा आता दुसऱ्यापेक्षा भक्कम आहे म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी औलीहून तिच्या उस्तादांचा, म्हणजे शिकवणाऱ्या साहेबांचा, फोन आला. जानेवारीच्या सुरुवातीला हजर व्हायचं आणि उतारावर चाचणी द्यायची. या हिवाळ्यात आली नाही तर संघातली जागा दुसऱ्या मुलीला जाणार आणि समृद्धी कायमची ऑफिसच्या कामावर.

रात्रीच्या जेवणाला आबांनी खुशीत जाहीर केलं की मेंढरांच्या खांडातला काळ्या तोंडाचा मेंढा उद्यापासून वेगळा बांधायचा, तो बिरोबाचा आहे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी देवळात जाऊन ते बोलून आले होते, की पोरगी परत बर्फावर उभी राहू दे, सगळ्यात देखणा मेंढा तुझ्या नावानं सोडतो.

आईचा हात भाकरीवरच थांबला. मग तिनं विचारलं, "आन् माझ्या नवसाचं काय करायचं?"

आई त्याच दिवशी संध्याकाळी त्याच देवळात गेली होती. त्याच बिरोबापुढं तिनं पदर पसरला होता. पोरीचा पाय बरा कर, पुन्हा तिला त्या बर्फावर धाडणार नाही, हा माझा शब्द, असं ती बोलली होती. नवस सांगितला तर फळत नाही म्हणून दोघंही दहा महिने मूग गिळून बसले होते. आमच्या घरात चहात आलं घालायचं का, यावर पंचायत बसते, आणि देवापुढं मात्र ही दोघं एकमेकांना न विचारता जाऊन आली.

त्यानंतर जो वाद झाला त्यात माझं डोकं पार भंजाळलं. आई म्हणायची, माझा नवस पाय बरा होण्याचा होता, पाय बरा झाला, म्हणजे देवानं माझं ऐकलं, आता पोरगी जाणार नाही. आबा म्हणायचे, पाय बरा झाला तो बर्फावर जाण्यासाठीच झाला, म्हणजे देवानं माझं ऐकलं, आता ती गेलीच पाहिजे. दोघांचंही ऐकताना खरं वाटायचं. मग दोघंही माझ्याकडं बघायचे. एका सीटवर दोन रिझर्वेशन निघाली की दोन्ही प्रवासी माझ्याकडं असंच बघतात, पण तिथं निदान मला एकाला मागं पाठवता येतं.

शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. आमच्या बिरोबाचे पुजारी धुळाप्पामामा. त्यांनी आंघोळ करून कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पोरीनं जावं का, असं मामांनी मोठ्यानं विचारलं. आई हात जोडून डाव्या फुलाकडं बघत होती, आबा उजव्याकडं. आणि थोड्या वेळानं दोन्ही फुलं बरोबरच खाली आली.

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "असं म्या आजवर बगितलं न्हाय, बिराप्पा. देव व्हय बी म्हनायलाय आन् न्हाय बी म्हनायलाय." मग त्यांनी पुन्हा फुलं लावली. या वेळी एकही पडेना. ऊन चढलं, मेंढरं ओरडायला लागली, आबांची चुळबुळ सुरू झाली, तरी फुलं जागची हलली नाहीत. देवानंसुद्धा या भानगडीतून अंग काढून घेतलं असं मला वाटलं आणि मी त्याला दोष दिला नाही.

या सगळ्यात समृद्धी देवळाच्या पायरीवर गप्प बसून होती. मला वाटलं, रागानं बसली आहे. जिच्या पायाचा निवाडा चाललाय तिलाच कुणी विचारत नाही म्हटल्यावर राग यायचाच. दोन-तीन दिवसांत ती आईशी भांडेल, नाहीतर मला न सांगता बॅग भरेल, अशी माझी खात्री होती.

झालं भलतंच. ती हसायला लागली. जेवताना मागून भाकरी घ्यायला लागली. माझी बायको शिवकन्या बाजाराला निघाली तर तिच्यासोबत गेली आणि हातभर बांगड्या भरून आली. रबरी पट्टा खुंटीवर गेला तो तिथंच राहिला. माळाकडं तर तिनं बघितलंसुद्धा नाही. मी चिडलो. तिला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, की अगं, दिवस चाललेत, आबांच्या बाजूनं दोन शब्द बोल, आईला समजावू आपण. तर ती शांतपणे म्हणाली, "देवाचं हाय दादा. आपल्या हातात काय हाय?"

ही माझी बहीण. भरतीला जाऊ नको म्हणून सगळा भावकीचा गोतावळा दारात बसला होता तेव्हा मागच्या दारानं निघून एस्टी पकडणारी. तिच्या तोंडी ही देवभक्ती मला काही केल्या पटेना. पण तिला नक्की काय हवंय तेही उमजेना. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, तुम्ही तिकिटं फाडा, हे तुमचं काम नाही.

कोडं सुटलं ते आईमुळं. त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी ओट्यावर दाढी करत होतो, आई अंगणात तूर निवडत होती, आणि समृद्धी दाराशी उभी राहून उस्तादांशी हिंदीत फोनवर बोलत होती. तब्येत ठीक आहे, गुडघाही ठीक आहे, पण आईनं मन्नत मागितली आहे, घरची माणसं पाठवणार नाहीत, माझी जागा दुसरीला द्या, असं ती सांगत होती. आईला हिंदी येत नाही. पण गावाबाहेरच्या दर्ग्यात दर उरसाला जाणाऱ्या बाईला मन्नत कळते आणि आपलं नाव कशासाठी घेतलं जातंय तेही कळतं. फोन ठेवल्यावर समृद्धीनं मोठा श्वास सोडला. तो मी ऐकला, तसा आईनंही ऐकला.

आईला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला पाहिजे होतं तेच झालं होतं. पण तिनं सूप खाली ठेवलं आणि पोरीकडं एकटक पाहिलं. मग तिला जवळ बसवून म्हणाली, "समृ, खरं सांग. तुला भ्या वाटायलंय का?"

समृद्धी आधी नाही म्हणाली. मग व्हय म्हणाली. मग तिला रडूच फुटलं. लहानपणीसुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. रडत रडत ती जे बोलली त्यानं माझ्या गालावरचा साबण वाळून गेला. पायात पट्टा बांधायची तेव्हा मनात एकच असायचं, की हा पाय पुरता बरा होऊ नये. थोडं काहीतरी राहून जावं, म्हणजे कुणीच जा म्हणणार नाही. बार्शीच्या डॉक्टरनं भक्कम म्हटलं तेव्हा आता सुटका नाही असं तिला वाटलं. डोळे मिटले की गुडघ्यातला तो कट्ट आवाज ऐकू येतो, म्हणाली. आबा व्हिडिओ दाखवत गावभर फिरतात, त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगणार? आईचा नवस बाहेर आला तेव्हा देवच धावून आला असं तिला वाटलं. आणि तरीही रोज पहाटे जाग आली की आधी बर्फच आठवतो. जायचं आहे की नाही, तेच तिचं तिला कळत नाही.

मला वाटलं, आई तिला पोटाशी धरेल आणि म्हणेल, नको जाऊ बाळा. आईनं पोटाशी धरलं खरं. पण मग तिनं सुपातली तूर डब्यात ओतली आणि उठली. "चल," म्हणाली, "देवळात."

आबा मेंढरं घेऊन माळाकडं निघाले होते, त्यांना मी हाक मारून आणलं. आम्ही पोचलो तेव्हा आई बिरोबापुढं जमिनीवर बसली होती. धुळाप्पामामा पुन्हा फुलं भिजवायला लागले, तर तिनं त्यांना हातानंच थांबवलं. कौल नको, मलाच बोलायचं आहे, असं तिनं सांगितलं.

"देवा, म्या बोलले व्हते की पोरीला धाडनार न्हाय. तो शबुद म्या आज मोडते."

आबांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, मग भीती आली. बिरोबाचा नवस मोडणं आमच्यात कुणी मनातही आणत नाही. "बानू, काय बोलायलीस?" असं ते पुटपुटले. मामांनी तर देवाला नमस्कारच केला. पण आईचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं. ती समृद्धीकडं वळली.

"माझ्या नवसाच्या आड लपू नगंस. जायचं तर जा. न्हाय जायचं तर मला भ्या वाटतंय म्हनून तुझ्या तोंडानं सांग तुझ्या सायबाला, तुझ्या बाला बी सांग. कुनी तुला काय म्हनलं तर म्या हाय. पर आई जाऊ देत न्हाय, हे खोटं. ते सांगून घरी बसलीस तर जलमभर मलाच बोल लावशील. आन् म्या ते ऐकून घेनार न्हाय."

समृद्धी खांबाला टेकून उभी होती. आबा तिच्याकडं असे बघत होते, जणू पहिल्यांदाच बघतायत. भ्याली आहे हे त्यांच्या कानावर आत्ता पडत होतं. ते तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, की घरी राहिलीस तरी मेंढा मी देवाला सोडीनच, पाय बरा झाला हेच लई झालं. खरं सांगतो, तो माणूस असं काही बोलेल हे मला माहीत नव्हतं. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं आणि ढकलणारंही कुणी नव्हतं. ती त्या उताराच्या माथ्यावर कशी उभी राहत असेल, ते मला तेव्हा दिसलं.

मग ती म्हणाली, "आयं, म्या जाते. आत्ताच उस्तादांना परत फोन लावते. भ्या लई वाटायलंय. पर एकडाव वर जाऊन बगते. जमलं न्हाय तर भ्याले म्हनून सांगीन आन् माघारी येईन."

आईनं मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. पोरगी जाऊ नये असं तिला अजूनही, त्या क्षणीही, मनापासून वाटत होतं. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तिनं पुन्हा देवाकडं तोंड केलं आणि दारच्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"ऐकलंस न्हवं? शबुद मोडला तो म्या मोडलाय, पोरीनं न्हाय. तुला राग आला आसंल तर तिच्या गुडघ्याला हात लावू नगंस. माझं दोन बी हायती हितं, कवाधरनं दुखायलेत. पायजे तर दोन बी घे."

असं म्हणून ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. एका बाजूनं मी धरलं, दुसऱ्या बाजूनं समृद्धीनं, तेव्हा कुठं ती उभी राहिली.