वाचायला काही नसताना

आमचा दादा कुणाचं बोलणं पुरतं ऐकून घेईल तर शपथ! त्याने लिहिलेला प्रोग्रॅमही तसाच निघाला.

झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली होती. एक बोट तेवढं हलायचं. दादाने त्याखाली बटण बसवलं. पडद्यावर अक्षरं सरकायची, हवं ते आलं की बाबा बटण दाबायचे. दादाला त्यांचं ऑपरेशन हवं होतं, मला त्यांना घरी न्यायचं होतं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आमची रोज जुंपायची. शेवटी ठरलं, बाबांनाच विचारू.

बाबांनी 'मला' लिहिलं आणि दम घ्यायला थांबले. पडद्यावर आलं, 'संदेश संपला', आणि अक्षरं पुसली गेली. बिचाऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. पुन्हा तेच. त्यांचे डोळे भरून आले आणि माझं डोकं फिरलं.

मी लॅपटॉप ओढून घेतला. बटण दाबलंय का ते वाचायला प्रोग्रॅम जायचा, पण फार वेळ थांबायचा नाही. तेवढ्यात वाचायला काही नसलं की कॉम्प्युटरची यंत्रणा एक एरर देते. तिचा अर्थ एवढाच, की अजून काही नाही, परत या. वायर निघाली तर वेगळी एरर येते. आमच्या दादासाहेबांचं मात्र कुठलीही एरर आली की दुकान बंद!

"गप्प बसणं आणि संपणं यात काही फरक असतो की नाही?" मी ओरडले.

"घाईत राहिलं गं," तो म्हणाला.

मी दुरुस्त केलं. 'अजून काही नाही' आलं तर अक्षरं जपायची, क्षणभर थांबायचं, पुन्हा विचारायचं. बाबांनी 'मला' लिहिलं. ते टिकलं. मला केवढा आनंद झाला!

मग त्यांचं बोट थांबलं. आम्ही वाट पाहत राहिलो. चेहरा एका बाजूला ओघळला तेव्हा कळलं, दुसरा झटका आला होता.

"बोट परत हलेल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"सांगता येत नाही. पण ऑपरेशनचं आत्ताच ठरवा."

वायर शाबूत होती. प्रोग्रॅम विचारत होता आणि यंत्रणा त्याला 'अजून काही नाही' असं इमानेइतबारे उत्तर देत होती. मला उत्तर देणारं कुणी नव्हतं.

दादा भिंतीला टेकून उभा होता. "तू म्हणशील तसं करू," तो म्हणाला. इतके दिवस भांडून मागितलेलं त्याने माझ्या हातात ठेवलं, आणि मी पडद्यावरच्या 'मला'पुढे काही उमटतंय का ते बघत राहिले.