तिकीट काढून आलेला सुतार

मी एक खांब बोलतोय. जमिनीखाली शंभर मीटरवर, मिठाच्या जुन्या खाणीत, एका बुटक्या वाटेच्या तोंडाशी मी उभा आहे. पोलंडच्या दक्षिणेकडल्या डोंगरात मी वाढलो, तेव्हा माझ्या शेंड्यावर बर्फ साचायचं. मग मला तोडलं, सोललं आणि विहिरीत घागर सोडावी तसं दोर बांधून खाली सोडलं. त्यानंतर मी सूर्य पाहिलेला नाही.

मला इथं उभं केलं सेवेरिननं. खाणीतला सुतार. एकोणीस वर्षांचा होता, नुकताच कामाला लागला होता. त्याचा वस्ताद बोनेक माझ्या डोक्यावर पाचरी ठोकता ठोकता त्याला म्हणाला होता, "लोखंड आधी काही सांगत नाही रे, एकदम दगा देतं. लाकूड बिचारं आधी ओरडतं. तू फक्त कान उघडे ठेव."

मीठ माझ्यात मुरत गेलं. ना वाळवी लागली, ना बुरशी. लोणच्यातल्या फोडीसारखा मी टिकलो. सेवेरिन रोज पाळीवर जाताना मला थोपटायचा आणि म्हणायचा, "देव पाठीशी!" खाली एकमेकांना भेटल्यावर सगळे हेच म्हणतात. तो मला, लाकडाला, म्हणायचा. चौतीस वर्षं म्हटलं त्यानं.

मग खोदकाम थांबलं. सेवेरिन वर गेला, आपल्या बागेत बटाटे लावू लागला. खाली वीज आली, पायऱ्या आल्या, मंद गाणी आली आणि पाहुणे आले.

पाहुण्यांची मला गंमत वाटते. "भिंत चाटू नका," असं सांगितलं रे सांगितलं की निम्मे लोक चाटतात आणि डोळे विस्फारून म्हणतात, "खारट आहे!" जणू कुणी साखर आहे म्हणालं होतं. मला टेकून ते बुटांची नाडी बांधतात. एकानं तर किल्लीनं माझ्या अंगावर बदाम कोरला. पण समोरच्या मोठ्या दालनात शिरले की तेच लोक मुके होतात. छताकडे बघताना त्यांची तोंडं उघडी राहतात. त्या एका क्षणासाठी मी त्यांना सगळं माफ करतो.

मी स्वतः मात्र कुढायचो. मला थोपटणारं कुणी उरलं नव्हतं.

गेल्या ऑक्टोबरात तो आला. ऐंशी वर्षांचा, काठी टेकत, गळ्यात पाहुण्याची चिठ्ठी लटकवून. सोबत त्याची नात लिद्का. तिनंच आग्रहानं आणलं होतं.

"मी काम केलं त्या जागी तिकीट काढून जायचं?" तो दालनाच्या पलीकडल्या दारातूनच कुरकुरत होता. "लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही चला, आजोबा."

वाटाड्या पोरगी होती मार्तीना. तिनं बटण दाबलं. दालनातले सगळे दिवे एकदम लागले.

हिरवट-करड्या मिठाच्या भिंती वर वर चढत गेल्या होत्या. त्यांवर कुदळीचे लाखो घाव, शेतातल्या नांगराच्या तासांसारखे, एकाला एक लागून. अगदी वर छतावर मिठाचे स्फटिक लखलखत होते. सेवेरिननं हळूच टोपी काढली.

"किती उंच आहे हे?"

"छत्तीस मीटर," मार्तीना म्हणाली.

"आम्ही याला कोठी म्हणायचो," तो पुटपुटला. "हातातल्या दिव्याचा उजेड दोन हात पडायचा. वर अंधार आहे एवढंच ठाऊक होतं. लिदे, अगं, मी इतकी वर्षं याच्याखाली बसून भाकरी खाल्ली आणि कधी मान वर केली नाही!"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते लपवायचंही त्याला सुचलं नाही. ज्यानं हे धरून ठेवलं, त्यानंच ते पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे बघून इतर पाहुण्यांनीही टोप्या काढल्या.

पुढची वाट माझ्याजवळून लिफ्टकडे जाते. आणि माझी तर दैना झाली होती. वरच्या खडकात कुठूनसं पाणी झिरपलं होतं. दोन आठवडे सगळा भार माझ्यावर सरकत होता. मी कण्हत होतो, पण माझं कण्हणं गाण्यात बुडून जायचं.

तीस माणसं माझ्या दिशेनं निघाली. सेवेरिन सर्वांत पुढे. दोन पावलांवर तो थबकला.

"गाणं बंद कर, पोरी."

"ते वरून लागतं, आजोबा. माझ्या हातात नाही."

"मग या सगळ्यांना गप्प कर."

"आजोबा, काय हे!" लिद्का शरमली.

त्यानं माझ्या अंगाला कान लावला. कितीतरी वर्षांनी तो खरबरीत तळवा माझ्यावर टेकला. मी सगळा जीव एकवटून ओरडलो. माणसांना ती नुसती 'टिक्' ऐकू आली असेल.

"लाकूड कधीमधी करकरतंच," मार्तीना म्हणाली. "गेल्याच महिन्यात तपासणी झालीय."

"करकरणं निराळं. हा कण्हतोय. याला मी उभा केलाय, मला नको सांगू." तो वाटेत हात पसरून उभा राहिला. "जायचंच असेल तर मला पाडून जा."

कुणीतरी हसलं. "म्हातारबुवा नाटकात होते वाटतं!"

मार्तीना नोकरीला नवी होती. मागून दुसरा गट येत होता. उगाच गोंधळ घातला तर वरिष्ठ फाडून खाणार, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं म्हाताऱ्याच्या हातांकडे पाहिलं. ते थरथरत नव्हते.

"सगळे मागे फिरा," ती म्हणाली. "पायऱ्यांनी वर जायचंय."

"चारशे पायऱ्या?"

"हो, चारशे! चला!"

तिनं मागचा गटही थोपवला, वर फोन केला. शिव्या देत, धापा टाकत लोक गेले. मी धरून ठेवलं. शेवटच्या माणसाची पावलं विरेपर्यंत धरलं, मग पाऊण तास आणखी धरलं. मुकादम येऊन वाट बंद करून मागे सरला आणि माझ्या शेजारी मोटारीएवढी मिठाची शिळा कोसळली. मी उभा चिरलो. धुरळा बसला तेव्हा वाटेत माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सेवेरिन पुन्हा आला, या वेळी बोलावल्यावरून. नव्या सुतारांना तो पाचरी कुठं ठोकायच्या ते दाखवत होता. "याला काढू नका," तो म्हणाला. "नुसती सोबत द्या." आता माझ्या दोन्ही बाजूंना दोन तरणे खांब आहेत. त्यांच्या अंगाला अजून जंगलाचा वास येतो.

तुम्ही इथं याल तेव्हा छताकडे जरूर बघा. तेवढ्यासाठीच तर या. पण माझ्यापाशी आलात की मार्तीना गाणं बंद करायला लावते आणि म्हणते, "एक मिनिट कुणी बोलू नका." तेव्हा खरंच बोलू नका. तीस माणसं श्वास रोखून, कान देऊन उभी राहतात. कुणाला काहीच ऐकू येत नाही, कारण आता मी कण्हत नाही.

मग ती हसते आणि त्यांना पुढं नेते.